मदत हवी आहे: व्हिटॅमिन ए जास्त झालं तर हाडं ठिसूळ होतात का?

सांगलीची_लेक: आईची डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात ती) केली, हाडं विरळ झालीत म्हणे. दादा लेस्टरहून माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवतो त्या ती रोज घेते, डॉक्टर म्हणाले ए जास्त होतंय, आणि पुढचा पेशंट आत. ए तर डोळ्यांसाठी चांगलं ना? बंद करू का? पटकन सांगा, दादा नवीन बाटल्या पाठवायला निघालाय.

कृष्णाकाठ: आईंचं वय? टी-स्कोअर, म्हणजे स्कॅनमधला हाडांच्या घनतेचा आकडा? आणि कॉड लिव्हर ऑइल की साधं फिश ऑइल? ए असतं ते लिव्हरच्या तेलात.

नाचणीप्रेमी: गोळ्याबिळ्या सोडा ताई, रोज सकाळी नाचणीची आंबील द्या. आमच्या सासूबाई अजून जिना चढतात.

सांगलीची_लेक: आंबील असतेच हो, मी गोळ्यांचं विचारतेय. वय 64, स्कोअर उणे 2.1. कॉड लिव्हरच आहे, एका गोळीत ए 800 मायक्रोग्रॅम.

मिरजवाला: मग गाजर, पपई पण बंद करा.

कृष्णाकाठ: अजिबात नको! गाजरातल्या कॅरोटीनचं शरीर गरजेपुरतंच ए बनवतं. प्रश्न तयार ए चा, म्हणजे रेटिनॉलचा आहे, ते लिव्हरमध्ये साठत जातं, जास्त झालं की हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात आणि व्हिटॅमिन डी च्या कामातही आडवं येतं. अमेरिकेत पाळी गेलेल्या 72 हजार नर्सेसचा अभ्यास 2002 साली आला, त्यात दिवसाला 2000 मायक्रोग्रॅमच्या वर रेटिनॉल घेणाऱ्यांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका 500 च्या आतल्यांपेक्षा जवळपास दुप्पट निघाला.

मिरजवाला: सगळ्या अभ्यासांत तसं आलेलं नाहीये, उगाच घाबरवू नका.

कृष्णाकाठ: मान्य, पण ज्यांची हाडं आधीच विरळ त्यांनी धोका का घ्यायचा? ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएससुद्धा पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला 1500 मायक्रोग्रॅमच्या आत राहा म्हणते. ताई, आणखी काही घेतात का त्या?

छोटूची_आई: अंगणवाडीत ए चा डोस देतात तो पण नको का मग?

कृष्णाकाठ: तो द्याच, लहान मुलांत कमतरतेने डोळे जातात, तो विषयच वेगळा.

सांगलीची_लेक: मल्टीव्हिटॅमिन घेते, आत्ता बाटली बघितली, रेटिनिल अॅसिटेट 800. आणि रविवारी कलेजी असतेच.

कृष्णाकाठ: तेही रेटिनॉलच, म्हणजे गोळ्यांचेच 1600 झाले, कलेजी वेगळी. दादाला आत्ताच फोन करा. पण कॉड लिव्हरमधून डी पण मिळत होतं, ते तुटेल, तेव्हा डॉक्टरांना विचारून रक्तातलं डी तपासा आणि नुसत्या डी ची गोळी लागेल का ते बघा. दोन्ही बाटल्या सोबत न्या.