रात्रभर बर्फ: अ‍ॅमहर्स्टहून ऑर्चर्ड पार्कला निघू का?

प्रश्न: आमच्याकडे जेमतेम चार बोटं बर्फ, गाडी झाडूनही झाली. ऑर्चर्ड पार्कच्या मामांचं मात्र दारच उघडत नाहीये! दोन्ही न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचीच उपनगरं, अर्ध्या तासाच्या रस्त्यात एवढा फरक? डबा घेऊन जाऊ का?

उत्तर १: अजिबात नको. ईरी सरोवराचं पाणी अजून कोमट आहे. त्यावरून थंड वारा आला की ढगांचा एक चिंचोळा पट्टा तयार होतो. तो जिथे ठाण मांडतो तिथेच कोसळतो. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्कला सुमारे 80 इंच पडला, बफेलो विमानतळावर त्याच्या निम्माही नाही. बिल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना डेट्रॉइटला हलवला होता, तुमच्या डब्याचं काय घेऊन बसलात! आधी काउंटीची (जिल्हा प्रशासनाची) प्रवासबंदी आहे का बघा. आणि मामांना सांगा, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी भिंतीतली नळी मोकळी करा. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो.

उत्तर २: +१. वारा फिरला की पट्टा सरकतो. संध्याकाळी तुमचा नंबर, फावडं दारातच ठेवा.

प्रश्नकर्ती: प्रवासबंदी आहेच. मामा खिडकीतून उतरून नळी उकरतायत, मामी आतून ओरडतेय.