टोर्नाडो सीझन: तुमच्या घरी काय तयारी असते? (अनुभव धागा)

निशिगंध:
एप्रिल-मे आला की आमच्या टेक्सासात फोन कधी बोंबलेल नेम नाही. शेजारी पुण्याहून एक कुटुंब नवीन आलंय, त्यांनी विचारलं सायरन वाजला की नक्की करायचं काय, म्हटलं धागाच काढू, सगळ्यांनी लिहा.

आमच्याकडे (प्लेनो) बेसमेंट नसतं, इथली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते त्यामुळे त्या भानगडीत कोणी पडत नाही. मग जिन्याखालचं क्लोजेट. एरवी तिथे बॅगा आणि गणपतीचं मखर, पण मार्च लागला की सगळं गराजमध्ये. आत प्रत्येकाचे बूट (काचा फुटल्यावर अनवाणी कसे चालणार?), मुलांची सायकलची हेल्मेटं, टॉर्च, पाणी, पासपोर्ट आणि सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या.

वॉच लागला म्हणजे हवा तशी आहे, काही तास लक्ष ठेवा, तेवढ्यात मी स्वयंपाक उरकते, फोन चार्जिंगला लावते. वॉर्निंग म्हणजे रडारवर दिसलंय किंवा कोणी पाहिलंय, तेव्हा हातातलं टाकून आत. सामानाचं सोपं असतं हो, माणसं आत घालणं अवघड. गेल्या वेळी सासूबाई "दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी होऊ दे" म्हणून कुकरपाशी उभ्या आणि नवरा अंगणात व्हिडिओ काढतोय! शेवटी मी गॅस बंद केला, त्यांच्या डोक्यावर धाकटीचं गुलाबी हेल्मेट चढवलं, आणि त्या आत बसून रामरक्षा म्हणायला लागल्या ती सुद्धा हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट करून. नवरा गारा पडायला लागल्यावर आला.

सूनरकर:
नवऱ्यांचं काही खरं नाही 😄 इकडे ओक्लाहोमात तर लोक खुर्च्या टाकून बघत बसतात. मी नॉर्मनला शिकायला होतो तेव्हा, 20 मे 2013 ला, शेजारच्या मूरमध्ये ईएफ-5 (सगळ्यात वरच्या श्रेणीचा) टोर्नाडो आला. 24 माणसं गेली, त्यात शाळेतली मुलं होती. त्याच गावातून 1999 च्या 3 मेलाही गेला होता. नंतर आम्ही पडलेली घरं साफ करायला गेलो, एका घराचा फक्त बाथरूमचा चौकोन उभा होता, टॉवेल अजून दांडीवर. तेव्हापासून मी व्हिडिओ-बिडिओ काढत नाही.

आता स्वतःचं घर घेतलं तेव्हा गराजच्या जमिनीखाली स्टीलचा शेल्टर बसवून घेतला. बसवलात तर सिटीकडे नोंद करा, वर ढिगारा पडला तर शोधणाऱ्यांना कळायला हवं ना तुम्ही कुठे आहात. आणि भारतातून आई-बाबा येणार असतील तर आधीच सांगून ठेवा की आमच्या इकडे शनिवारी दुपारी बाराला वाजतो तो टेस्टचा भोंगा असतो.

हंट्सविलवाली:
वादळानंतरचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. 27 एप्रिल 2011, अलाबामा. आमच्या घराला ओरखडा नाही पण विजेच्या मुख्य लाइनीच पडल्या, अख्खं गाव कित्येक दिवस अंधारात. पंप बंद म्हणून पेट्रोल नाही, कार्ड चालेना, एटीएम बंद. म्हणून आता सीझनभर गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही आणि डब्यात सुट्टे डॉलर. आमची शेगडी इलेक्ट्रिक, मग बाहेरच्या ग्रिलवर पोळ्या. फ्रीजरमधलं खवलेलं खोबरं, मटार सगळं संपवायचं म्हणून शेजारच्यांना जेवायला बोलावलं, त्यांनी पोर्क आणलं, असो.

आमच्याकडे टीव्हीवर हवामान सांगणारा जेम्स स्पॅन. तो माणूस कोट काढून नुसत्या गॅलिसवर आला की समजायचं, आता मस्करी नाही.

गारपीटग्रस्त:
टोर्नाडो नशिबाने नाही, पण गारांनी छप्पर गेलं. बाबा लातूरचे, 2014 ची गारपीट शेतात बघितलेले, ते खिडकीपाशी जाऊन म्हणतात "ह्या तर लिंबाएवढ्याच आहेत". खेचून आणलं.
पॉलिसीत गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल वेगळं असतं ते आत्ताच वाचा, बऱ्याचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्के, म्हणजे चार लाखाच्या घराला चार ते आठ हजार खिशातून. आणि दुसऱ्या दिवशी दारावर येणाऱ्या रूफिंगवाल्यांच्या कागदावर लगेच सही करू नका.

नवखा_फ्रिस्को:
मस्त माहिती. आम्ही अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, दीड वर्षाचं बाळ आहे. ऑफिसातले म्हणाले खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणजे प्रेशर निघून जातं, खरं का?

सूनरकर:
अजिबात नाही! खिडकीच्या जवळच जायचं नाही. आणि गाडीत असाल तर पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा उलट जोरात येतो, 1999 ला तशी माणसं गेली आहेत.

निशिगंध:
@नवखा, तळमजल्यावर कोणाशी तरी आजच ओळख करून घ्या, आमच्या अपार्टमेंटच्या दिवसांत खालची गुजराती फॅमिली दार उघडून वाटच बघायची. त्यांचं आतलं, बिनखिडकीचं बाथरूम चालेल. बाळाला कारसीटमध्ये बांधूनच घेऊन जा, डोकं सांभाळलं जातं आणि तुमचा एक हात मोकळा राहतो. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा वॉर्निंगची वाट न बघता वॉच लागला की लगेच खाली जा, नंतर जिन्यात गर्दी होते.