‘प्रायोगिक’ आणि ‘अवाँ-गार्द’ संगीत: एकच शब्द चालेल का?

प्रश्न: नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आमच्या मंडळाचा पाश्चात्त्य संगीतावर कार्यक्रम आहे. पत्रिकेच्या मसुद्यात ‘एक्सपेरिमेंटल’ आणि ‘अवाँ-गार्द’ या दोन्हींसाठी ‘प्रायोगिक’ लिहिलंय. काका, असं चालतं का?

उत्तर: नको. आपला गोंधळ प्रायोगिक रंगभूमीमुळे होतो. तिथे जे जे व्यावसायिक नाही ते प्रायोगिक. संगीतात या शब्दाचा अर्थ नेमका आहे: काय ऐकू येणार हे रचनाकारालाही आधी माहीत नसतं. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९५५मध्ये असंच मांडलं होतं.

त्यांची १९५१ची १२ रेडिओंची रचना बघा. प्रत्येक रेडिओला दोन वादक, एक स्टेशन फिरवणारा, दुसरा आवाज कमी-जास्त करणारा. कोणत्या क्षणी काटा कुठे, हे कागदावर पक्कं. पण त्या क्षणी तिथे काय लागलेलं असेल ते कोणाच्याच हातात नाही. आज नागपुरात सादर केली तर आकाशवाणीच्या बातम्या येतील, जाहिरात येईल, नाहीतर नुसती खरखर. तिन्ही बरोबरच.

त्याच सुमारास फ्रेंच संगीतकार पिएर बूलेझ यांनी दोन पियानोंसाठी लिहिलं. त्यात स्वर, त्याची लांबी, जोर, आघाताची तऱ्हा, सगळं आधी ठरवलेल्या क्रमांत बांधलेलं. कानाला दोन्ही सारखंच विचित्र वाटेल, पण बूलेझ यांना निकालावर ताबा हवा होता. त्यांचं भांडण परंपरेशी होतं आणि त्यांना तिलाच पुढे न्यायचं होतं. हे अवाँ-गार्द. ब्रिटिश संगीतकार मायकेल नायमन यांनी १९७४च्या पुस्तकात हाच भेद सविस्तर मांडलाय.

प्रश्न: मग आलापही प्रायोगिक म्हणायचा का? गायक पुढे काय घेणार ते कुठे ठरलेलं असतं?

उत्तर: जागा ठरलेल्या नसतात, राग ठरलेला असतो. यमनात चुकून कोमल गंधार लागला तर पहिल्या रांगेतला श्रोता लगेच मान वर करतो. केज यांच्या त्या रचनेत चुकीचा आवाज असतच नाही. म्हणून आलाप उत्स्फूर्त म्हणावा, प्रायोगिक नाही.

आणखी एका ताईंचं मत: अवाँ-गार्द हा मूळचा फ्रेंच लष्करी शब्द, सैन्याच्या पुढची तुकडी. आपल्याकडे त्याला ‘बिनी’ म्हणतच होते. भोसल्यांच्या नागपुरात ‘बिनीचं संगीत’ शोभून दिसेल.

उत्तर: ताई, शब्द फार आवडला आणि अर्थही चपखल बसतो, कारण बिनी म्हटलं की मागून येणारी फौज आलीच. केज यांच्या मागे अशी फौज असण्याची गरजच नाही. पण ‘बिनीचे शिलेदार’ आपण कोणत्याही क्षेत्रातल्या अग्रणींना कौतुकाने म्हणतो, त्यामुळे वाचणाऱ्याला ‘उत्तम संगीत’ एवढंच कळेल. मी ‘अवाँ-गार्द’ देवनागरीतच ठेवीन आणि खाली एका ओळीत ‘बिनीचं’ म्हणून खुलासा देईन.

पत्रिकेतल्या सतार-गिटार जुगलबंदीला मात्र यातला कुठलाच शब्द लावू नका, ते फ्यूजन, म्हणजे दोन परंपरांचा मेळ, आहे.