ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन पीआरआरएसवर चालतं म्हणतात, मग डुकरांना औषध का नाही?

मयूर_व्हेट:
मी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, चीनमधल्या लॅबचे पीआरआरएसवरचे पेपर वाचतोय. डुकरिणी गाभडतात, पिलांना न्यूमोनिया होतो तो आजार, 2006 ला तिकडे फार मोठी साथ आली होती. त्यांच्या औषधी वनस्पतींतले ग्लिसरायझिन, बायकॅलीन, मॅट्रीन सगळे प्लेटमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर, व्हायरस कमी करतात. मग अडलंय कुठे?

प्लेटवाली:
आधी पेशींचं काय झालं ते बघ. कंपाऊंडने पेशीच मेल्या तर व्हायरस वाढणार कुठे, तो कमीच दिसणार ना! म्हणून व्हायरस न टाकता नुसतं कंपाऊंड टाकून एमटीटी नावाची टेस्ट करतात, त्यात जिवंत पेशी पिवळा डाय जांभळा करतात. अर्ध्या पेशी मारणारा डोस भागिले व्हायरस निम्मा करणारा डोस, हा आकडा दोन-तीनच आला, म्हणजे पेशी मारणारा डोस आणि उपयोगी डोस जवळजवळच आहेत, तर मी तो पेपर बाजूला ठेवते. आणि काही पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात, त्यामुळे प्लेटच्या पेशी नसलेल्या खाचेत (well) कंपाऊंड अधिक एमटीटी असा तुलनेसाठीचा कंट्रोल दिलाय का ते बघच, बरेच जण तो देत नाहीत आणि मला त्याचा खरंच राग येतो.

डॉ_सह्याद्री:
ताई बरोबर बोलल्या. त्यात बरंचसं काम मार्क-145 वर होतं, त्या माकडाच्या किडनीच्या पेशी आहेत, खऱ्या डुकरात हा व्हायरस फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींमध्ये, वाढतो. पिलाच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या मॅक्रोफेजवर पण तोच रिझल्ट आला तर मी विश्वास ठेवीन. ग्लिसरायझिनचं अजून एक, खाद्यातून दिलं की आतड्यातले बॅक्टेरिया साखर तोडून त्याचं ग्लिसरेटिनिक ॲसिड करतात, म्हणजे प्लेटमध्ये जे टाकलं ते रक्तात फारसं पोचतच नाही. जास्त दिलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी वाढतं, माणसातही होतं हे.

मयूर_व्हेट:
सर, मग हे काम सोडूनच द्यायचं का? लशीचाही पूर्ण भरवसा नाही ना, व्हायरसचे स्ट्रेन (प्रकार) बदलतात.

डॉ_सह्याद्री:
अजिबात नाही! लस अपुरी पडते म्हणूनच तर हे काम हवंय, आपल्याकडेही 2013 ला मिझोरममध्ये पीआरआरएस सापडलाय, ईशान्येत घरटी दोन-चार डुकरं पाळणाऱ्यांचं सगळं त्यावर असतं.

प्लेटवाली:
मयूर, पेपरमध्ये कंपाऊंड कधी टाकलंय ते पण शोध, व्हायरसच्या आधी, सोबत की नंतर. ग्लिसरायझिन मुख्यतः व्हायरस पेशीत शिरताना अडवतं असं दिसलंय. म्हणजे ताप चढलेल्या डुकराला देऊन किती फरक पडेल हा वेगळा प्रयोग आहे, तो पिंजऱ्यात डुकरं ठेवूनच करावा लागतो.