जुन्या ब्रुअरीची नवी ओळख : लेबलवरचे काय ठेवावे, काय काढावे?

अक्षरछंद (प्रश्न)

नमस्कार. शतकाहून जुन्या एका ब्रुअरीच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या) बोधचिन्हाचे आणि लेबलांचे नव्याने आरेखन करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्याच्या लेबलवर धुराड्यांसह कारखान्याचे कोरीव चित्र, जुन्या प्रदर्शनांतली पदके, संस्थापकांची सही, सोनेरी वेलबुट्टीची चौकट आणि गॉथिक वळणाच्या, म्हणजे जाड-बारीक टोकदार रेषांच्या, अक्षरांतले नाव असे सारे दाटीवाटीने बसवलेले आहे. नव्या व्यवस्थापनाला मोबाइलच्या पडद्यावरही ठसठशीत दिसेल अशी साधी, सपाट मांडणी हवी आहे आणि बिअरचा रंग दिसावा म्हणून तपकिरी बाटलीऐवजी पारदर्शक बाटली आणण्याचाही त्यांचा विचार आहे. जुने ग्राहक दुरावू नयेत, ही माझी मुख्य काळजी आहे. काय ठेवायचे, हे कोणत्या निकषावर ठरवावे?

रेषाकार

जे पाहून ग्राहक बाटली ओळखतो ते ठेवावे. लेबलवर ते किती वर्षे आहे, याला माझ्या मते दुय्यम महत्त्व आहे. बास या इंग्लिश ब्रुअरीचा लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनमधला पहिला ट्रेडमार्क म्हणून नोंदला गेला. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली रंगवलेल्या, पॅरिसच्या फोली-बेर्जेर या रंगमंदिरातल्या मद्यगृहाच्या प्रसिद्ध चित्रात त्या बाटल्या दिसतात, आणि कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांतला तो त्रिकोण पाहूनच त्या कोणाच्या हे आजही कळते.

तुमच्या लेबलवर असे बळ कशात आहे, हे शोधण्यासाठी नेहमीच्या ग्राहकांना कागद-पेन्सिल द्या आणि बाटली समोर न ठेवता लेबल आठवणीतून काढायला सांगा. चित्र सुबक आहे की नाही हे न पाहता, कोणती गोष्ट आधी काढली जाते आणि ती कुठे बसवली जाते, याची नोंद घ्या. चौकटीचा आकार आणि नावाचे वळण बहुतेकांना आठवेल, पदके क्वचितच कोणाला आठवतील, असा माझा अंदाज आहे. पण निर्णय अंदाजावर न सोडता ही चाचणी अवश्य करावी. कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीच्या नावाची अक्षरे थोरवाल बिंडेसबोल या आरेखकाने १९०४ मध्ये रेखाटली. पुढे त्यांत सुधारणा झाल्या, तरी मूळ वळण सुटलेले नाही.

काचकाम

पारदर्शक बाटलीविषयी व्यवस्थापनाशी आताच बोला, कारण हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांमधून) बिअरमध्ये उतरणारी कडू द्रव्ये प्रकाशाने विघटित होतात आणि गंधकयुक्त घटकांशी संयोग पावून उग्र दुर्गंध निर्माण करतात. तपकिरी काच ही अतिनील आणि निळी किरणे बऱ्याच अंशी अडवते, हिरवी काच फारच कमी अडवते आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. पारदर्शक बाटली वापरणारे काही उत्पादक प्रकाशात टिकणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात. म्हणजे बाटलीच्या रूपासाठी बिअर बनवण्याची रीतच बदलावी लागते. जुन्या ब्रुअरीने असे करू नये, असे मला ठामपणे वाटते.

डब्यांचाही विचार असेल, तर अॅल्युमिनियमवर छपाई करताना सगळे रंग एकाच रबरी पृष्ठावर जमा होऊन एकदम डब्यावर उतरतात आणि ते एकमेकांवर चढवता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. कारखान्याच्या चित्रातल्या बारीक छटा तिथे टिकणार नाहीत. ते ठळक रेषांत पुन्हा काढावेच लागेल.

नोंदवही

कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. नोंदलेल्या चिन्हाचे स्वरूप बरेच बदलले तर नवी नोंदणी करावी लागते, आणि अनेक देशांत तीन ते पाच वर्षे सलग न वापरलेल्या चिन्हाची नोंदणी रद्द करण्याची मागणी कोणालाही करता येते. जुने चिन्ह निदान एखाद्या उत्पादनावर वापरात ठेवावे.

अक्षरछंद

सर्वांचे मनापासून आभार. काचेचा मुद्दा मी आजच कळवतो. एक शंका उरते : गॉथिक अक्षरे लहान आकारात वाचता येत नाहीत, तर ती सोडून साधी, सरळ अक्षरे घ्यावीत का?

रेषाकार

आधी तीच अक्षरे नव्याने रेखाटून पाहा. आतल्या फटी मोकळ्या करा, शेपट्या आखूड करा, जाड आणि बारीक रेषांमधला फरक कमी करा. लहान आकारासाठी वेगळे रेखाटन करण्यातही काही गैर नाही. आधुनिक करणे म्हणजे सपाट करणे, हे समीकरण मला मान्य नाही. गिनीज या आयरिश ब्रुअरीने २०१६ मध्ये आपले हार्प या तंतुवाद्याचे चिन्ह पुन्हा रेखाटले, तेव्हा प्रत्यक्ष हार्प घडवणाऱ्या कारागिरांची मदत घेतली आणि आधीपेक्षा अधिक बारकावे आणले. पदके मात्र पुढच्या लेबलवरून निःशंक काढा आणि मागच्या लेबलवर, ती कधी व कुठे मिळाली हे कागदोपत्री सिद्ध करता येत असेल तरच, एका ओळीत नमूद करा.