एवढ्याशा कुत्र्याला काय फिरवायचं?

पेठेतली पोर
काल संध्याकाळी रंकाळ्यावर, पद्माराजे उद्यानाच्या बाजूला एक आजोबा दिसले. हातात बाजाराची कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारं पांढरं, केसाळ तोंड. मला वाटलं कुत्रं आजारी असेल. आजोबांनी कट्ट्यापाशी पिशवी टेकवली. कुत्रं बाहेर आलं, दहा पावलं चाललं, एका खांबाचा सावकाश वास घेतला आणि आपणहून परत पिशवीत जाऊन बसलं. "झालं का राणीसरकार?" असं विचारून आजोबा निघाले पुढच्या खांबाकडं.

एकदम चिंगी आठवली.

९४-९५ची गोष्ट, मंगळवार पेठ. बाबांच्या मित्रानं पॉमेरियन म्हणून पिल्लू दिलं. मी फिरवायला न्यायचं म्हटलं की बाबांचं ठरलेलं उत्तर, "एवढ्याशा कुत्र्याला काय फिरवायचं? घरात पळतंय की दिवसभर. आणि पट्टा धरून हिंडायला आम्ही काय साहेब लागून गेलो?" त्यामुळं चिंगीचं जग म्हणजे सोपा, परडं आणि गच्ची. तीन वर्षं. ती जाड झाली, जिन्यावर पावलं वाजली तरी भुंकायची, पुढच्या एका पायाचे केस तर चाटून चाटून काढले होते. आम्ही म्हणायचो, स्वभावच तसला.

मग एका दसऱ्याला दसरा चौकात जायच्या गडबडीत दार उघडं राहिलं. सोनं घेऊन घरी आलो तर चिंगी नाही. मी रडून गल्ली गोळा केली. तालमीतली पोरं बिंदू चौकापर्यंत जाऊन आली. आणि ही कुठं सापडली, तर आमच्या दारापासून चौथ्या घरापाशी, लाइटच्या खांबाला नाक लावून. बाबा उचलायला वाकले. ती पळाली नाही, पण नाकही काढेना. मग बाबा उभेच राहिले. अंगात नवा सदरा, हातात आपट्याची पानं, आणि तिचं होईस्तोवर पाच मिनिटं खांबापाशी. एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की "पान खाऊन येतो" म्हणून निघायचे आणि काखेत चिंगी. पट्टा नव्हताच, सुतळी होती.

तुमच्याकडं छोटी कुत्री आहेत किंवा होती? बाहेर नेता का? किती वेळा? लिहा की.

नादखुळा९
आमचा पग, नाव पैलवान. गल्लीतलं म्हातारं रोज विचारतंय, "भावा, तू कुत्र्याला फिरवालाईस का कुत्रं तुला?"

ताराबाईपार्कची तारा
शित्झू, वय ५. मी रोज दोनदा जातो, सकाळी वीस मिनिटं आणि रात्री पंधरा. (मी बाई आहे. कोल्हापूरची आहे. जातो-येतो वरून पुण्याच्या लोकांनी प्रश्न विचारू नयेत.)

अर्धा कप
@तारा खीखी. मी लग्न होऊन पुण्यात आलो तेव्हा सासूबाई आठवडाभर गोंधळल्या होत्या, सून आणली का जावई.

सुमनकाकू
पेठेतली पोर, वाचून डोळ्यांत पाणी आले. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर आहे, ते स्वतःच फिरून येते. सकाळी दूध प्यायला हजर.

कंपाउंडर
डॉक्टर नाही, प्राण्यांच्या दवाखान्यात सात वर्षं काम केलंय तेवढ्या जोरावर लिहितो. एक, आपल्याकडं पॉमेरियन म्हणून जी कुत्री घरोघरी होती ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. खरा पॉम साधारण दोन-तीन किलोचा असतो. चिंगी 'जाड' होण्याआधी केवढी होती?

दोन, पॉम, यॉर्कशायर असल्या जातींची श्वासनळी नाजूक असते. गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसत राहिला तर खोकला लागतो, बदकानं ओरडल्यासारखा. लोक म्हणतात घशात काहीतरी अडकलंय. अशांना छातीवरून येणारा पट्टा घ्या, दुकानात हार्नेस म्हणून मागायचा. सुतळी तर अजिबात नको.

तीन, पिल्लाचे लसीचे सगळे डोस पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, जिथं बाकीची कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडू नका. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार तिथनंच येतो. तोवर काखेत घेऊन गाड्या, माणसं, ढोलताशे दाखवून आणा. रंकाळ्यावरच्या आजोबांची पिशवी पिल्लालाही चालते.

पेठेतली पोर
@कंपाउंडर चिंगीला एकदाच तोललं होतं, किराणा दुकानातल्या काट्यावर. साडेआठ किलो. म्हणजे स्पिट्झच आणि वर आईचं तूप.

उगाचच
लोकांना खायला नाही आणि हे कुत्र्यांना पिशवीतून फिरवतायत.

नादखुळा९
@उगाचच दादा, तू पण बाहेर पडत जा दिवसातनं दोनदा. बरं वाटंल.

घाटावरचा
=)) =))

कळंब्याचा
पग असणाऱ्यांनी हे वाचाच. चूक माझी आहे, कुणाची नाही.

एप्रिल महिना, रविवार. आमची डॉली दोन वर्षांची. सुट्टी म्हणून मी हौसेनं दुपारी चारलाच कळंबा तलावाकडं चालत नेली. मला ऊन काही वाटत नव्हतं, कारण माझ्या पायात चप्पल होती. अर्ध्या वाटेत ती बसली. मी ओढली, "चल की आळशी." परत बसली. नंतर आडवीच झाली. जीभ बाहेर आणि जिभेचा रंग जांभळा. धापेचा आवाज असा, की करवतीनं लाकूड कापालेत. रिक्षावाल्या मामांनी मीटर टाकलं नाही की काही विचारलं नाही, स्वतःची पाण्याची बाटली तिच्या पोटावर ओतली. दवाखान्यात ताप १०६. कुत्र्याचा नेहमीचाच १०१-१०२ असतो हे मला त्या दिवशी कळलं. साधं पाणी, पंखा, सलाईन. बर्फ लावू नका म्हणाले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होतं, आणि पगचं नाक इतकं चपटं की तिथंच सगळं अडतं.

वाचली. आता उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर, दहा-दहा मिनिटं, बास. निघायच्या आधी डांबरावर उलटा हात ठेवून बघतो. मनात सात आकडे म्हणेपर्यंत ठेवता आला तरच डॉली खाली.

नादखुळा९
बाप रे. पैलवानला मी पाचला नेतो. आजपासून बंद.

ताराबाईपार्कची तारा
त्या रिक्षावाल्या मामांना माझ्याकडून एक चहा.

शाहूपुरी_वरचा मजला
२०१९चा पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ला धोका हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतंय, पण त्या ऑगस्टमध्ये आकडा पन्नासच्या वर गेला. खालचा मजला पाण्यात, आम्ही सहा जण आणि ल्हासा अप्सो 'बुवा' वरच्या मजल्यावर.

बुवाला आम्ही फार कौतुकानं शिकवलं होतं, सगळं बाहेर, गवतावरच. घरात एक थेंब नाही. पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. आता बाहेर म्हणजे जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी. बुवा खाली जायचा, पाण्याकडं बघायचा, वर यायचा. असं रात्रभर. एक दिवस गेला, पठ्ठ्यानं धरून ठेवलं. आईला स्वतःच्या औषधांपेक्षा त्याची काळजी. शेवटी बाबांनी गच्चीतल्या तुळशीशेजारची शेवंतीची कुंडी उपटली, माती परातीत पसरली आणि वर लॉनसारखं दिसावं म्हणून कोथिंबिरीची उरलेली जुडी खोचली. तरी नाही! छत्तीसाव्या तासाला बाबा स्वतः परातीपाशी उकिडवे बसून "श्शू श्शू" करायला लागले, माझ्या लहान भावाला करायचे तसं. आणि बुवा आला. त्याचं झालं आणि आम्ही सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या गच्चीवरच्यांना वाटलं बोट आली.

तेव्हापासून रोज दोनदा बाहेर नेतोच, पण गच्चीत एक मातीची पाटीही कायमची ठेवलीय. आठवड्यातनं एकदा सराव. २०२१ला उपयोगी पडली.

सुमनकाकू
कोथिंबीर! ती परात नंतर काय केली?

शाहूपुरी_वरचा मजला
काकू, ते आईला विचारू नका.

घाटावरचा
पुरावरून एक. पाणी ओसरल्यावर चिखलात कुत्री सोडू नका. घुशी-उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, लेप्टो होतो, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही. लस असते त्याची, दरवर्षीची.

आजोळ भवानी मंडप
तुम्ही पॉमेरियन फिरवायचं म्हणता. संस्थानच्या काळात कोल्हापुरात शिकारीचे चित्ते पाळलेले होते, आफ्रिकेतनंही आणले होते. त्यांना सांभाळणारे चित्तेवान. आमचे आजोबा सांगायचे की माणसांची सवय व्हावी म्हणून चित्त्यांना दोरी लावून, डोळ्यांवर पट्टी बांधून गावातनं हिंडवायचे. तेव्हा "एवढ्याशा चित्त्याला काय फिरवायचं" असं कोण म्हणालं नाही.

अर्धा कप
@आजोळ ह्यावर वेगळा धागा काढा!! प्लीज.

नादखुळा९
आणि चित्त्याचं मागचं उचलायला कालचा पेपर पुरायचा का?

तिसरा मजला, लिफ्ट बंद
उचलण्यावरून आठवलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये (नाव नको) नोटीस लागली, 'कुत्र्यांना लिफ्ट व बागेत मनाई'. आमचा डॅशहुंड. लांब पाठीचा आणि बुटक्या पायांचा, त्याला जिने अगदी वर्ज्य, मणक्यातली चकती सरकते. एकदा सरकलीय, दीड महिना पिंजऱ्यात विश्रांती झाली. म्हणून रोज तीन मजले अकरा किलोचं ध्यान कडेवर, सकाळ-संध्याकाळ. फिरणं त्याचं, व्यायाम माझा. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना छापून नेऊन दाखवल्या, सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही म्हणून. चेअरमन म्हणाले, "बघू मीटिंगमध्ये." आठ महिने बघतायत.

पण प्रामाणिकपणे सांगतो, नोटीस लागायचं कारण आमच्याच विंगमधली दोन घरं, जी कधीच उचलत नव्हती. पार्किंगमध्ये माझाही पाय पडलाय.

ताराबाईपार्कची तारा
+१. पिशवी खिशात नसेल तर पट्ट्याला हात लावू नये.

सुमनकाकू
दिवाळीत आठ दिवस मांजर सांभाळणारे कुणी आहे का? राजारामपुरीत. मांजर गुणी आहे.

पन्हाळ्याचा पाऊस
माझं मत वेगळं आहे, मारू नका. आमची चिवावा चौदा वर्षं जगली आणि रस्त्यावर फारशी कधी गेलीच नाही. दोनदा नेलं, दोन्ही वेळा भटकी कुत्री धावून आली. तिसऱ्यांदा न्यायची माझीच हिंमत झाली नाही. पावणेदोन किलोचा जीव, एका चाव्यात संपेल. मग घरातच खेळ. चपातीचे तुकडे चादरीच्या घड्यांत लपवायचे, शोधत बसायची अर्धा तास. शेजारणीकडं नेऊन सोडायचं, तिच्या घरातले वास वेगळे. गच्चीवर रोज काहीतरी नवीन ठेवायचं, बाजारातनं आणलेली भाजीची पिशवी, नवऱ्याचे शेतातनं आलेले बूट. ते बूट तर तिचा रंकाळा होता.

कंपाउंडर
@पन्हाळ्याचा पाऊस मारायचं कशाला, बरोबर केलंत. पाय घरात चालतातच त्यांचे. नाक बसून राहतं.

पेठेतली पोर
@पन्हाळ्याचा पाऊस बूट!! आमच्याकडं हे कुणाला सुचलं असतं तर.

भटक्यांसाठी बाबांची युक्ती सांगतो. छत्री. बारा महिने. कुत्रं धावून आलं की त्याच्या दिशेनं फाट्कन उघडायची. ते बिचकतं आणि आपलं छत्रीमागं लपतं. चिंगीला नंतर नंतर छत्री उघडायचा आवाज आला की वाटायचं मजाच चाललीय.

गंगावेश_रात्री ११
आमचा स्पिट्झ रात्रीचा फिरतो, कारण मी दुकान बंद करून येतो तेव्हाच. एकच रस्ता, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापर्यंत. म्हशीची धार काढताना बघत उभा राहतो, शेपूट ताठ. एकदा पेल्यातलं दिलं. रात्रभर घरात जे झालं त्यानंतर परत दिलं नाही. तरी त्याचा दूधवाल्यावर विश्वास आहे.

नादखुळा९
पैलवाननं तांबडा रस्सा प्यालाय.

कंपाउंडर
@नादखुळा९ देऊ नको रे. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त खराब करतं आणि शिजवलेलं हाड टोकदार फुटतं. मटण उकडताना मीठ-मसाल्याच्या आधी दोन तुकडे बाजूला काढ, ते दे.

नादखुळा९
आई आधीच काढते, पहिला वाटा त्याचा. मला मागनं.

अर्धा कप
@पेठेतली पोर मग बाबा? चिंगी गेल्यावर पान सुटलं का?

पेठेतली पोर
पान ते कधीच खात नव्हते गं. चिंगी २००६ला गेली. त्यानंतरही जेवण झालं की जायचेच. आई म्हणायची, आता कुणाला फिरवताय? परवा फोनवर रंकाळ्यावरच्या पिशवीचं सांगितलं तर म्हणाले, "पिशवी कसली होती? तळाला पुठ्ठा घातला होता काय? नाहीतर पाय दुमडतात."

आता आईचा फोन आलाय, माळ्यावरनं जुन्या पिशव्या काढून बसलेत म्हणे. घरात कुत्रं नाही. जाऊन बघतो काय प्रकार आहे.

नादखुळा९
भटक्याचं एक पिल्लू आहे आमच्या गल्लीत. पांढरं. सांगून ठेवलं.

कंपाउंडर
आधी डोस.

सुमनकाकू
मांजराचे कुणी बोललेच नाही.