ईयोबाला उत्तर मिळाले की गप्प बसवले गेले?

पारसिकवासी, कळवा
आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात बायबलमधील ईयोबाचे पुस्तक सुरू असून गेल्या बुधवारी आम्ही ३८व्या अध्यायाशी आलो. सात मुलगे आणि तीन मुली गमावलेला माणूस 'का' विचारतो, आणि देव वावटळीतून बोलू लागल्यावर त्या 'का'ला हातही न लावता, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, समुद्राच्या झऱ्यांपर्यंत कधी गेलास काय, असे उलट त्यालाच विचारतो. माणसाने पायरी ओळखावी, हा पाळकसाहेबांनी सांगितलेला अर्थ मला पुरता पटला नाही, कारण २८व्या अध्यायात डोंगर पोखरणाऱ्या माणसाचे कौतुकच केले आहे. आमच्या घरामागच्या डोंगरातून १९१६ सालीच रेल्वेचा बोगदा आरपार गेला. आता बुलेट ट्रेनसाठी ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा होत आहे. मग 'गेलास काय' याला आज 'होय' म्हणता येईल का?

निवृत्त भूवैज्ञानिक, ऐरोली
घाई करू नये. रशियात कोला येथे १९७० साली खणायला घेतलेले खोल विवर १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचले; तेथे तापमान अपेक्षेपेक्षा फार जास्त, सुमारे १८० अंश सेल्सिअस निघाले आणि पुढे जाणे अशक्य झाले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, म्हणजे आपण जेमतेम साल खरवडली.

मला मात्र आकड्यांपेक्षा एक दगड आठवतो. नोकरीत असताना खाणीत सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडाचा तुकडा मी उचलला, तर आतल्या लिंबाएवढ्या पोकळीत झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचे झुबके होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यात ते पुढे सावकाश वाढले, आणि त्या दिवसापर्यंत त्यांच्यावर उजेड पडला नव्हता. दगडाचे वय आम्ही काढू शकतो. ती आरास कोणासाठी होती, हे आमच्या कोणत्याही उपकरणात येत नाही.

नौपाडेकर
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त शेवटी असे सुचवते की ही सृष्टी कोठून झाली हे परम आकाशातला तिचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा कदाचित तोही जाणत नसेल. ईयोबाच्या पुस्तकात या 'कदाचित'ला जागाच नाही, म्हणून तो प्रसंग मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार वाटतो.

वाशीची वाचक
नौपाडेकर, बुक्क्यांचा मार ईयोबाच्या मित्रांनी दिला. तुझ्या पापाचेच हे फळ, असे तयार उत्तर त्यांच्याजवळ होते, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला, प्रश्न विचारणाऱ्यावर नव्हे. ३८वा अध्याय पुन्हा सावकाश वाचावा: जेथे माणूसच राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस पाडण्याची गोष्ट त्यात आहे, आणि पुढच्याच अध्यायात डोंगरातल्या रानशेळ्यांच्या विण्याची वेळ येते. दुःखाचे कारण त्यातून कळत नाही, हे खरेच. पण कोणी न पाहिलेल्या ठिकाणीही देवाचे लक्ष आहे एवढे कळते, आणि ऐरोलीच्या काकांचा दगड मला त्याच रांगेतला वाटतो.

मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती: पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहिले. माझे यजमान गेले तेव्हा समजूत घालणाऱ्यांची रीघ लागली होती. शेजारच्या मावशी तेवढ्या काही न बोलता आल्या, ओट्यावरची भांडी घासून पालथी घातली आणि दिवेलागणीपर्यंत माझ्याजवळ बसल्या.